तिसऱ्या बराकीची तक्तपोशी

तक्तपोशीतलं झाकण काही केल्या उघडेना.

मुकादमानं शिडीवर उभं राहून आधी तळहातानं रेटून पाहिलं, मग खांदा लावला, मग खाली बघून म्हणाला, "ताई, हे झाकण कसलं, हे छताचं सख्खं भावंड आहे. सोडायला तयार नाही. ती पटाशी द्या जरा."

तिनं पटाशी वर दिली. बराक लांबलचक होती. सत्तर जवान इथे झोपायचे. आता खाटा हलवल्या होत्या आणि त्यांच्या पायांचे गोल डाग तेवढे फरशीवर रांगेनं उरले होते. मधोमध विटांची एक भिंत लांबीच्या दिशेनं बराकीचे दोन भाग करत होती आणि तिच्यावर तांबड्या रंगाची मोठी फुली होती. उद्या सकाळी ती भिंत पाडायची होती. ती गेली की एकच सलग कक्ष होणार, खाली संगणकांच्या रांगा आणि वर वातानुकूलनाचे पत्र्याचे डक्ट. ते डक्ट छताला कुठे लटकवायचे, त्या जागा आज वर जाऊन खुणवायच्या होत्या. एरवी त्या झाकणाकडे कुणी पाहिलंही नसतं.

"हा पांढरा," मुकादम रंग खरवडत मोजू लागला. "त्याखाली हा हिरवा, सरकारी. परत पांढरा. आणि हा पिवळा कुणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे. माझं लग्न झालं त्या साली हा पिवळा चालायचा. माझ्या थोरल्याला आता मिशा फुटल्यात, बघा. तेव्हापासून हे उघडलेलं नाही, लिहून देतो."

"वर जायला दुसरी वाट असेल."

"कुठून? चारी बाजूंनी दगड आहे."

"असेल कुठून तरी. बाबा वर गेले होते. साडेचार महिन्यांपूर्वी. वरची सगळी मोजणी त्यांचीच आहे."

"मग काय, भूत होऊन..." एवढं बोलून मुकादमानं जीभ चावली. बाबांना जाऊन सात आठवडे झाले होते. तो शिडीवरूनच दोन्ही कान धरून म्हणाला, "चुकलं ताई. तोंडाला माझ्या कुलूप नाही."

"राहू दे," ती म्हणाली. "उघडा आधी."

बाबांना या लष्करी वसाहतीत सगळे टिकवाले साहेब म्हणत. सव्वीस वर्षं बाबा आणि त्यांचे भागीदार जुन्या सरकारी आणि लष्करी इमारतींच्या दुरुस्तीची, नूतनीकरणाची डिझाइनं करत आले होते आणि या कामात पहिली पायरी असते ती असलेली इमारत मोजायची. बाबांनी ऑफिसला एक शिस्त लावली होती. मोजणीच्या ड्रॉइंगवर प्रत्येक आकड्याखाली खूण हवी. स्वतःच्या टेपनं मोजलेला आकडा असेल तर टिक. जुन्या ड्रॉइंगवरून उतरवून घेतलेला असेल तर लहानसा गोल. गोल असणं हा गुन्हा नव्हता. गोल म्हणजे पुढच्यानं सांभाळून राहावं, एवढाच अर्थ. पण जिथे हात लागला नाही तिथे टिक, हे मात्र त्यांना अजिबात खपत नसे.

तिला ते स्वतःच्या अनुभवानं माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वी, ऑफिसात नवी असताना, एका दवाखान्याचा जिना मोजायला ती गेली होती. पहिली पायरी मोजली, सोळानं गुणलं आणि सोळाही पायऱ्यांखाली टिका मारून मोकळी झाली. बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सोळाही मोजल्यास?" ती म्हणाली, "सारख्याच आहेत." त्यांनी खोडरबर तिच्या हातात ठेवलं आणि दुपारच्या बसनं तिला परत पाठवलं. अकरावी पायरी पाऊण इंच बुटकी निघाली. तिथल्या नर्सांना ते ठाऊक होतं. अकराव्या पायरीशी त्यांचे पाय आपोआप सांभाळून पडत. परत आल्यावर तिनं मान खाली घालून आकडा सांगितला, तर बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि तिच्यासाठी ठेवलेला डबा पुढे सरकवला. त्या दिवशी तिला त्यांचा जितका राग आला होता तितकाच अभिमानही वाटला होता, आणि अभिमान पुढे टिकला.

झाकण शेवटी कडाडलं. रंगाच्या खपल्या मुकादमाच्या डोक्यावर पडल्या. तो खाली उतरला, ती टॉर्च घेऊन वर गेली.

वर इतकी धूळ होती की तिचा हात मनगटापर्यंत बुडाला. धुळीवर कुणाच्या पायाची, हाताची, टेपची खूण नव्हती. तिनं टॉर्च फिरवला. छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या एकापुढे एक उभ्या होत्या, ड्रॉइंगमध्ये दाखवल्या होत्या तशाच आठ. प्रत्येक कैचीला दोन तिरपे दांडे आणि ते फाकू नयेत म्हणून त्यांना खालून बांधून ठेवणारा एक आडवा दांडा. ती फळ्यांवरून रांगत पुढे गेली. पाचव्या कैचीचा आडवा दांडा मध्येच संपत होता. सहावीचाही. करवतीनं कापलेल्या कडा तिच्या बोटांना लागल्या. कधीतरी कुणीतरी इथे पाण्याची टाकी बसवली होती. ती मावेना म्हणून दांडे कापले होते. टाकी पुढे काढून नेली, तिचा गंजाचा चौकोन फळ्यांवर राहिला. दांडे मात्र कुणी जोडले नाहीत. त्याऐवजी दोन्ही कैच्यांखाली एकेक जाड लाकडी टेकू दिला होता आणि ते टेकू तक्तपोशीतून खाली जाऊन एका भिंतीच्या माथ्यावर उभे होते.

तांबडी फुली मारलेल्या त्याच भिंतीच्या.

"ताई," खालून मुकादम ओरडला, "मुक्कामाला राहताय काय? अंथरूण पाठवू?"

ती खाली आली. हात झटकले, ते झटकून स्वच्छ होण्यातले नव्हते. "उद्या भिंतीला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "फुली पुसून टाका. आणि इथे कुणाला बसू-झोपू देऊ नका."

"का हो?"

"ड्रॉइंग बदलतंय."

"टिकवाल्या साहेबांचं ड्रॉइंग?" मुकादम तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "बदलतंय?"

तिनं बाहेर व्हरांड्यात जाऊन ड्रॉइंग गुडघ्यांवर उलगडलं. छताचे त्रेचाळीस आकडे, त्रेचाळीस टिका, कोपऱ्यात बाबांची सही आणि तारीख. आणि आता तिला दिसलं ते याआधी किती वेळा डोळ्यांखालून गेलं होतं. ३०४८. ६०९६. १३७२. हे दहा फूट, हे वीस फूट, हे साडेचार फूट. जुन्या ड्रॉइंगमधल्या फुटांचे चोख मिलिमीटर केले होते. हातानं मोजलेली जुनी इमारत इतकी सरळ कधीच नसते. तिथे ३०४१ येतं, ६१०३ येतं, आणि हे तिला बाबांनीच शिकवलं होतं.

*

बाबांच्या भागीदारांना ती लहानपणापासून काका म्हणत असे. काकांच्या नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा असे आणि ते नेहमी तिसरा शोधत असतात अशी ऑफिसात थट्टा होती. ती आली तेव्हा ते कसलंसं अंदाजपत्रक वाचत होते.

"काका, तिसऱ्या बराकीत बाबा वर चढले होते का?"

रस्ताभर तिनं मनात ठरवलं होतं की ते आधी चिडतील, मग हसतील, मग भलतंसलतं काय विचारतेस म्हणतील. काकांनी यातलं काही केलं नाही. पेनाला टोपण लावलं.

"झाकण उघडलंत वाटतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"बस आधी."

"मी उभी बरी आहे."

"तुझ्या बापाला शिडी झेपत नव्हती गं तेव्हा. दोन पायऱ्या चढला की ओठ निळे पडायचे. माझं हे असं पोट, मी काय चढणार? बसला एका खाटेवर. म्हणाला, जुनं ड्रॉइंग लष्कराचंच आहे आणि लष्करात खिळासुद्धा परवानगीशिवाय ठोकत नाहीत. उतरवून घेऊ."

"घ्या ना उतरवून. गोल काढायचे होते."

"मी म्हटलं त्याला, गोल काढ. तर म्हणाला, त्रेचाळीस गोल बघितले की वसाहतीचे मेजर विचारणार, टिकवाले साहेब वर का नाही गेले? मग काय सांगू?"

"मी गेले असते वर."

"तुझा तेव्हा आत जायचा पास नव्हता."

"पासाला तीन आठवडे लागतात, काका. त्या मोजणीला आपण तीन महिने घेतले. मी इथे बसले होते. या टेबलाशी."

काकांनी कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्यानं मला शपथ घातली होती," ते म्हणाले. "पोरीला कळता कामा नये."

ती मग बसली. कैच्या, टेकू आणि भिंत, सगळं एका दमात सांगितलं. काकांचा चेहरा उतरला; ते बेफिकीर माणूस नव्हते. उद्या सकाळी भिंत पाडली असती तर छत कोसळलं असतं आणि खाली मुकादमाची माणसं होती, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. पण त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि ते पुन्हा भागीदार झाले.

"हे बघ. देवाच्या दयेनं वेळेत कळलं. आता एक सुधारित ड्रॉइंग काढू. टीप घालू, काम चालू असताना असं आढळलं. असं दहा कामांत दोनदा होतं, कुणी विचारत नाही. कैच्या दुरुस्त करू, मग भिंत पाडू. विषय मिटला."

"आणि बाकीच्या चार बराकी?"

"बाकीच्या त्यानं नीट केल्यात."

"तुम्ही पाहिलंत?"

"म्हणजे..." काका खिडकीकडे बघू लागले. "चौथीच्या वेळी मी गाडीत होतो. ऊन होतं. पाचवीला मी आलोच नव्हतो."

तिनं चारही ड्रॉइंगं काढून टेबलावर पसरली. पहिल्या दोन बराकींचे आकडे वेडेवाकडे होते, खऱ्या मोजणीत असतात तसे. चौथीत अर्धे चोख, अर्धे वेडेवाकडे. पाचवीतला एकही आकडा चोख नव्हता. ते बघून तिला क्षणभर हायसं वाटलं आणि लगेच मन फिरलं. हे आकडे खरे मोजलेले म्हणून वाकडे होते, की तोवर बाबांना कळलं होतं की चोख आकडे दिसून येतात? एरवी ते कागदावर बोट ठेवून म्हणाले असते, विचार मला. आता विचारायला कोणी नव्हतं.

"त्या चारही बराकींत आत्ता माणसं राहतायत," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात तिथे काम सुरू होणार. मला आत जाऊन झाकणं बघायची तर मेजरांची परवानगी लागेल आणि परवानगीला कारण द्यावं लागेल. मी सांगणार आहे त्यांना."

"काय सांगणार?"

"की आमच्या टिकांवर विसंबू नका."

काका उठले. त्यांना उठायला वेळ लागे. "वेडी आहेस का तू? लष्कराच्या कामांच्या या यादीत यायला आम्हाला अकरा वर्षं लागली. एक कागद दिलास की उद्या आपण बाहेर. ते जाऊ दे खड्ड्यात, मी म्हातारा झालो. पण बापाचा विचार कर. तो काही उत्तर द्यायला येणार नाही. जो तो म्हणेल, टिकवाले साहेब? अरे हो, ते खोट्या टिका मारायचे ते."

"मारल्याच आहेत की."

"एका बराकीत! आजारी माणसानं!"

"एकीत की किती, तेच तर माहीत नाही, काका. तुम्हालाही माहीत नाही."

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती बाहेरून तपासणीला आलेली कुणी होती. "आईला विचार आधी," ते म्हणाले. "घरी जा आणि तिला विचार."

*

आई संध्याकाळी बाल्कनीत कपडे काढत होती. बाबांचे दोन शर्ट अजून दर आठवड्याला धुतले जात. का, ते कुणी विचारलं नव्हतं. ती पोहोचण्याआधीच काकांचा फोन येऊन गेला होता, हे आईनं वळून न बघता केलेल्या पहिल्या वाक्यावरूनच कळलं.

"हात धुऊन घे. केवढी धूळ ती."

"आई, बाबांना काय झालं होतं?"

आईनं चिमटे डब्यात टाकले. "हृदयाची झडप. डॉक्टरांनी आठ महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. ऑपरेशनला ते नाही म्हणाले."

सात आठवडे ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, अगदी अचानक गेले हो, ध्यानीमनी नसताना. चहाचे कप भरता भरता, चपलांच्या ढिगाशी उभं राहून, फोनवर, किती जणांना. आणि आई शेजारी बसून मान हलवत होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू त्यांना घरी बसवलं असतंस."

"हो. बसवलंच असतं."

"म्हणूनच." आई पहिल्यांदा तिच्याकडे वळली. "घरी बसून चार महिने जास्त जगले असते फार तर. आणि रोज मला विचारलं असतं, आज कुठली साइट आहे? बघवलं नसतं मला. तुला काय, तू दिवसभर बाहेर."

"मी त्यांच्याबरोबर बाहेर होते, आई. रोज. एका खोलीत. जिना चढताना थांबायचे तर म्हणायचे, बुटाची लेस सुटली. मी वाकून बांधायचे."

आईनं शर्टाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग आई वेगळ्याच आवाजात म्हणाली, "भिंत थांबवलीस ना? मग झालं. कुणाला काही झालेलं नाही. बाकीचं दुरुस्त करा गुपचूप. एवढं एक त्यांचं राहू दे. माणसानं आयुष्यभर दुसरं कमावलंय काय? ना बंगला, ना गाडी. लोक म्हणतात, टिकवाल्या साहेबांच्या घरातली आहे ही. मला तेवढं पुरतं."

"चार बराकींत मिळून दोनशे ऐंशी माणसं झोपतात, आई."

"इतकी वर्षं झोपलीच ना? पडलं का छप्पर?"

"इतकी वर्षं कुणी भिंती पाडायला निघालं नव्हतं. आता आम्ही निघालोय."

आई आत गेली. जाताना म्हणाली, "तुझ्या मनाला येईल तेच तू करणार. त्यांच्यावरच गेलीस." याआधी हे वाक्य त्या घरात कायम कौतुकानं म्हटलं जायचं.

*

मेजरांच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतभर वसाहतीचा नकाशा होता. शनिवार असूनही ते गणवेशात होते. तिनं पाच ड्रॉइंगं पुढे ठेवली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं: झाकण, धूळ, कापलेले दांडे, टेकू, टिका. बाबांची प्रकृती तिनं सांगितली नाही. ते कारण म्हणून वापरायला तिला लाज वाटली.

मेजरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "यातल्या किती टिका खोट्या?"

"तिसऱ्या बराकीतल्या छताच्या त्रेचाळीस. बाकीचं सांगता येत नाही. म्हणून पाचही ड्रॉइंगांवरच्या सगळ्या मागे घेते."

"सगळ्या? दोनेकशे असतील."

"दोनशे अठरा."

ते नकाशाशी जाऊन उभे राहिले. "मी नवीन पोरांना तुमच्या वडिलांचं ड्रॉइंग दाखवायचो," ते पाठमोरेच म्हणाले. "सांगायचो, बघा, हा माणूस जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणतो. चहा घ्यायला बसायचे इथे. गुडघे दुखतात म्हणायचे. मी माझं मलम दिलं होतं त्यांना."

म्हणजे मेजरांकडे गुडघे दुखत होते, तिच्याकडे लेस सुटत होती. प्रत्येकासाठी वेगळं तयार केलं होतं.

मेजरांनी फोन उचलून दोन वाक्यांत पाचही बराकींचं काम थांबवलं. तिसरीला कुलूप घालायला सांगितलं. मग एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "लिहून द्या. तुमच्या ऑफिसचं प्रकरण समितीपुढे जाणार, ते माझ्या हातात नाही. पण आज मला लेखी लागेल."

तिनं लिहिलं. तारीख, कामाचं नाव, ड्रॉइंगांचे क्रमांक. 'वरील ड्रॉइंगांवरील मोजणीची माहिती अपुरी असल्याने...'

मेजर टेबलावरून वाकून वाचत होते. "अपुरी?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "मॅडम, अपुरी म्हणजे गोल. गोल असते तर आज तुम्ही इथे आलाच नसता."

पेन तिच्या हातात होतं. बाहेर कवायतीच्या मैदानावर कुणीतरी हुकूम देत होतं आणि बुटांचा आवाज एकदम थांबत होता, एकदम सुरू होत होता. तिनं 'अपुरी' वर एक सरळ रेघ मारली, वर 'खोटी' लिहिलं, शेजारी बदल केल्याची छोटी सही केली आणि पत्राखाली पूर्ण सही केली. तिचं आडनाव बाबांचंच होतं. कागदावर ते तिच्या अक्षरात होतं, पण वळण त्यांचं होतं. लहानपणी तेच तिनं गिरवलं होतं.

"सोमवारी बाकीच्या चार बराकींचा तुमचा पास तयार ठेवतो," मेजर कागद घेत म्हणाले. "मोजायला माणसं माझी असतील. तुम्ही सांगायचं आणि त्यांनी मोजायचं. हात त्यांचा लागू दे."

तिनं मान डोलावली. शिक्षा रास्त होती.

*

घरी पोहोचली तेव्हा दोन वाजत आले होते. आईनं दार उघडलं.

"दिलंस लिहून?"

"हो."

"काय लिहिलंस?"

तिनं शब्द सांगितला. आईनं तो ऐकला, स्वयंपाकघरात गेली आणि पान वाढलं. एकच. भात, आमटी, वर तूप, सगळं रोजच्यासारखं, तिच्या आवडीचं लोणचंसुद्धा. मग आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

ती जेवायला बसली. बाबा गेल्यापासून ती धड रडली नव्हती. लोक म्हणत, फार खंबीर मुलगी. तिला वाटत होतं, कधीतरी एकदम येईल आणि मग आवरणार नाही. अंघोळीला दार लावून घेताना ती रोज थोडी वाट बघायची. आज बसमध्ये आलं ते रडू नव्हतं. राग होता आणि तो घेऊन जायला जागा नव्हती. ज्यांच्याशी भांडायचं ते टेबलाशी बसल्या बसल्या मान टाकून निघून गेले होते, तिच्यापासून चार हातांवर, आणि तेव्हाही शेवटचं जे बोलले ते असं होतं की जरा पाणी आण गं, उकडतंय फार.

तिनं दुसरा घास घेतला. आतून आवाज आला. आई फोनवर होती. हळू, तोंडाशी हात धरून बोलल्यासारखा आवाज. शब्द कळत नव्हते, मध्येच "हो ना, भाऊजी" एवढं कळलं. काकांशी बोलत होती.

आणि तो आवाज तिनं ओळखला. आठ महिन्यांपूर्वीपासून ती तो ऐकत आली होती. ऑफिसातून लवकर आली की, अंघोळीहून बाहेर आली की, आतल्या खोलीतून हाच हलका आवाज यायचा, आणि ती दिसली की आई फोन ठेवून म्हणायची, अगं काही नाही. तिला वाटायचं, हे सगळे मिळून आपल्यासाठी स्थळ बघतायत. तिला त्याचं हसूही यायचं. एकदा तर बाबांनाच तिनं डोळे मिचकावून विचारलं होतं, काय हो, चाळिशीच्या आत उजवणार ना मला? आणि बाबा खूप हसले होते, इतके की त्यांना बसावं लागलं होतं.

ती पानावरून उठली. हात तसाच खरकटा. आतल्या खोलीचं दार तिनं कोपरानं ढकललं. आई पलंगाच्या कडेला बसली होती, ताट शेजारी, भात न कालवलेला. तिला बघून आईनं फोन कानापासून दूर केला.

"काही नाही अगं," आई म्हणाली.

"ठेवू नकोस फोन," ती म्हणाली आणि जमिनीवर, पलंगाला पाठ लावून बसली. "मोठ्यानं बोला दोघं. मला सगळं ऐकायचंय. अगदी पहिल्यापासून."